लग्नाला २१ आठवडे: चेहऱ्यावरच्या उपचारांना किती वेळ द्यायचा, याचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकमधली २६ वर्षांची तरुणी, बँकेच्या शाखेत नोकरी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती आईबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडे आली. तुळशीच्या लग्नानंतरचा, डिसेंबरच्या मध्याचा मुहूर्त ठरला होता. हातात २१ आठवडे होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

गालांवर आणि जबड्याच्या कडेने १४ लाल पुळ्या होत्या. कपाळावर त्वचेच्याच रंगाच्या बारीक गाठी, म्हणजे व्हाइटहेड्स. जुन्या पुळ्यांचे तपकिरी डाग दोन्ही गालांवर. खोल, दुखऱ्या गाठी नव्हत्या, खड्डेही पडलेले नव्हते. पाळी नियमित, हनुवटीवर जाड केस नाहीत, त्यामुळे हार्मोनच्या तपासण्या लगेच करायची गरज वाटली नाही. दोन सवयी मात्र नोंदवण्यासारख्या निघाल्या. रोज ४० मिनिटं दुचाकीवर चेहऱ्याला घट्ट बांधलेला, घामाने ओला होणारा आणि दोन-तीन दिवसांनी धुतला जाणारा स्कार्फ. आणि आठवड्यातून दोनदा केसांना चोपडून रात्रभर ठेवलेलं खोबरेल तेल. कपाळावरच्या बारीक गाठींचं कारण बऱ्याचदा हे तेलच असतं, आणि त्यावर महागडं सीरम लावून काही होत नाही.

तक्रार आणि पिशवीतलं वास्तव

"मॅडम, मला काहीच लागू पडत नाही," हे तिचं पहिलं वाक्य. सोबत आणलेल्या पिशवीतून सात वस्तू निघाल्या, सगळ्या चार महिन्यांत घेतलेल्या.

अशा वेळी रुग्ण काय सांगतो त्यापेक्षा बाटलीतली पातळी जास्त बोलते. नायसिनामाइडचं सीरम ३० मिलीचं होतं. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, म्हणजे बाटलीत ६०० थेंब. सकाळ-रात्र चार-चार थेंब लावले तर बाटली ७५ दिवस पुरते. हिची बाटली पाऊण भरलेली होती, म्हणजे वापर जेमतेम १९ दिवसांचा. १० टक्के ग्लायकोलिक आम्लाचा टोनर त्याहून कमी वापरलेला. व्हिटॅमिन सी सीरमचा रंग काळ्या चहासारखा झालेला. ते हवेने खराब झालं होतं, त्यातून डाग उजळण्याची आशा उरली नव्हती. २ टक्के सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश आणि अक्रोडाच्या सालीचा स्क्रब मात्र संपत आले होते. सनस्क्रीनची ५० ग्रॅमची ट्यूब मार्चमध्ये घेतलेली, अजून अर्धी शिल्लक. चेहरा आणि मानेला एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास सनस्क्रीन लागतं. रोज एकदाच लावलं तरी ती ट्यूब ४० दिवसांत संपायला हवी होती.

सातवी वस्तू सगळ्यात महत्त्वाची ठरली. नात्यातल्या एका मावशींनी सुचवलेली आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली छोटी ट्यूब. "ही एकच लागू पडली होती," असं आई म्हणाली, आणि ते खरंही होतं. आठ दिवसांत चेहरा उजळ आणि गुळगुळीत झाला होता. बंद केल्यावर पुळ्या परत आल्या, म्हणून पुन्हा सुरू केली. असे तीन फेरे झाले होते, मिळून सहा आठवड्यांचा वापर. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिले होते: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनोइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. शेवटचं नाव स्टिरॉइडचं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही नावं दिसली की ट्यूब चेहऱ्याला लावण्याआधी डॉक्टरांना दाखवायची. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइड मलमांना दिलेली सवलत काढून त्यांना चिठ्ठीची सक्ती केली, तरी दुकानात ती मागितली की मिळतात.

मूळ प्रश्न असा होता: जे खरोखर काम करतं त्याला तिने वेळ दिला नव्हता, आणि जे झटपट काम करतं त्यानेच नुकसान चालवलं होतं.

कशाला किती वेळ लागतो, आणि का

योजना आखण्याआधी हा हिशेब आई आणि मुलगी दोघींसमोर कागदावर मांडला गेला. पुढचे सगळे निर्णय त्याच कागदावर उभे राहिले.

त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात चार ते सहा आठवडे लागतात, आणि वय वाढेल तसा हा काळ लांबतो. पण पुळीचा हिशेब याहून वेगळा असतो. आज आरशात दिसणारी पुळी आज सुरू झालेली नसते. रंध्रात मृत पेशी आणि तेल साचून डोळ्यांना न दिसणारी गाठ आधी तयार होते, आणि ती बाहेर पुळी म्हणून दिसायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो. अ‍ॅडापलीनसारखं औषध या न दिसणाऱ्या गाठी बनण्यावरच काम करतं. औषध सुरू करताना वाटेवर असलेल्या पुळ्या त्यामुळे येणारच असतात. म्हणून पुळ्यांच्या उपचाराचा निकाल ८ ते १२ आठवड्यांनी बघायचा, त्याआधी नाही.

डागांचं वेळापत्रक आणखी संथ. वरच्या थरातला तपकिरी डाग तीन ते सहा महिन्यांत फिका होतो. राखाडी-निळसर छटा असली तर रंगद्रव्य खाली उतरलेलं असतं, आणि वर्षही लागू शकतं. त्यात रोजचं ऊन मिळालं की केलेली मेहनत मागे जाते. नायसिनामाइड किंवा अझेलिक आम्लाचा डागांवरचा परिणाम ८ ते १२ आठवड्यांआधी ठरवू नये. सुरकुत्यांसाठी लावलेल्या रेटिनॉइडला (अ‍ॅडापलीन याच गटातलं) तर तीन ते सहा महिने द्यावे लागतात. या प्रकरणात तो प्रश्न नव्हता.

लगेच परिणाम देणाऱ्या गोष्टी मोजक्याच. मॉइश्चरायझर लावल्याबरोबर कोरडेपणा कमी होतो, पण घासून-सोलून कमकुवत झालेला त्वचेचा वरचा संरक्षक थर सावरायला दोन ते चार आठवडे जातात. सनस्क्रीन लावल्या दिवसापासून काम करतं, फक्त त्याचं काम डोळ्यांना दिसत नाही. आणि स्टिरॉइड. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि सूज दाबतं, म्हणून आठवड्यात चेहरा "साफ" दिसतो. त्याखाली त्वचा पातळ होत जाते आणि औषध थांबलं की लाली आणि पुळ्या उसळून येतात. आठवड्यात गोरं करण्याचा दावा आणि वेष्टनावर घटकच नाहीत, अशा क्रीममध्ये पाऱ्याचाही संशय घ्यावा लागतो. तसल्या क्रीममुळे मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं अकोल्यातही उघडकीस आली आहेत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आईने मांडला: लग्नापर्यंत तीच ट्यूब चालू ठेवायची, "नंतर बघू." हा लगेच नाकारला गेला. २१ आठवडे चेहऱ्यावर स्टिरॉइड म्हणजे डिसेंबरपर्यंत उठून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या, बारीक लव आणि मेकअप लावला तरी होणारी आग.

दुसरा होता दर दोन-तीन आठवड्यांनी केमिकल पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलणं. त्वचा शांत असेल तेव्हा हा चांगला पर्याय आहे. पण या वेळी चेहऱ्याला साधं पाणीसुद्धा झोंबत होतं. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा अवस्थेत पील केलं तर जळून नवे डाग पडतात, आणि ते जुन्या डागांपेक्षा गडद असतात. १० आठवड्यांनी पुन्हा विचार करायचा, असं ठरलं.

तिसरा, आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या. कोर्स पाच-सहा महिन्यांचा किंवा अधिक, गर्भाला गंभीर अपाय करणारं औषध, शेवटच्या गोळीनंतरही एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. खोल गाठी किंवा खड्डे असते तर हाच पर्याय आधी मांडावा लागला असता. इथे आजार तेवढा नव्हता.

चौथा: सगळं बंद करून त्वचा सावरू द्यायची आणि मग एक-एक औषध आणायचं. हाच निवडला, पण आधी उलटा हिशेब करून. लग्नाआधीचे शेवटचे चार आठवडे नवं काहीही सुरू करायचं नाही, म्हणून २१ मधून ४ गेले. सुरुवातीचे तीन आठवडे त्वचा सावरण्यात जाणार. उरले १४. पुळ्यांच्या औषधाला १२ लागतात. म्हणजे गाडी जेमतेम वेळेवर पोचत होती, आणि मध्ये एकदा जरी उपचार सोडला तरी चुकणार होती. डाग लग्नापर्यंत पूर्ण जाणार नाहीत, हे त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. आईचा चेहरा उतरला, पण पुढच्या भेटींमधल्या निम्म्या तक्रारी या एका वाक्याने वाचल्या.

काय केलं

आधी फोटो. दर दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, एकाच खिडकीसमोर उभं राहून, फ्लॅश आणि ब्यूटी मोड बंद, केस मागे, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. रोज फोटो काढायला मनाई. रोज आरशात पाहणाऱ्याला उतार दिसत नाही, आलेली नवी पुळी तेवढी दिसते.

पहिले तीन आठवडे फक्त तीन वस्तू: फेस न होणारा सौम्य क्लेन्झर दिवसातून दोनदा, सिरॅमाइड (त्वचेच्या वरच्या थरात असणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीनचं मॉइश्चरायझर, आणि एसपीएफ ५० चं सनस्क्रीन. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघांइतकं, दुपारी जेवणानंतर पुन्हा. स्कार्फ सुती, सैल आणि रोज धुतलेला. तेल धुण्याच्या तासभर आधी, कपाळापासून दोन बोटं लांब. स्क्रब कचऱ्यात.

दुसऱ्या आठवड्यात अपेक्षेप्रमाणे चेहरा पेटला. लाली, जळजळ, एकसारख्या बारीक पुळ्यांचं पीक. स्टिरॉइड थांबवल्यावर हे होणार, असं आधीच सांगितलेलं असल्याने ती ट्यूबकडे वळली नाही. थंड पाण्याच्या घड्या आणि भरपूर मॉइश्चरायझर यावर ते दहा दिवसांत ओसरलं. ओसरलं नसतं तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या राखून ठेवलेल्या होत्या.

चौथ्या आठवड्यापासून अ‍ॅडापलीन ०.१ टक्का जेल, सोमवारी आणि गुरुवारी रात्री. मटाराच्या दाण्याएवढं अख्ख्या चेहऱ्याला, पुळीवर ठिपका म्हणून नव्हे. चेहरा धुतल्यावर २० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मॉइश्चरायझरचा पातळ हात, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. पाचव्या आठवड्यात सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, फक्त गाल आणि जबड्यावर. १० टक्क्यांचं घेऊन फायदा तेवढाच राहतो, जळजळ मात्र वाढते. हे औषध कापडाचा रंग उडवतं, म्हणून उशीचा अभ्रा, टॉवेल आणि स्कार्फ पांढरे घ्यायला सांगितले. तरी एका साडीच्या पदरावर फिकट पट्टे उमटलेच.

निर्णयाचा क्षण: सहावा आठवडा

सहाव्या आठवड्यात फोन आला. ओठांच्या कडांना सालं निघत होती, गालावर पाच नव्या पुळ्या होत्या, आणि घरात सगळे सांगत होते की औषध "सोसत नाहीये." बहुतेक उपचार इथेच सुटतात.

इथे तीन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. नव्या पुळ्या नेहमीच्याच जागी येत असतील आणि चार-पाच दिवसांत बसत असतील, तर वाटेवरच्या गाठी लवकर वर येताहेत. थांबायचं नाही. जिथे कधी पुळी आली नाही तिथेही लाली, ओढल्यासारखं वाटणं आणि पाणी झोंबणं असेल, तर त्वचा चिडली आहे. मात्रा कमी करायची. खाज प्रमुख असेल, पापण्या सुजल्या असतील, तर अ‍ॅलर्जी. औषध लगेच बंद करून दाखवायला यायचं.

तिचे फोटो पाहिल्यावर पहिल्या दोन्ही गोष्टी थोड्या-थोड्या दिसल्या. चौकशीत कारणही सापडलं. निकाल लवकर यावा म्हणून तिने अ‍ॅडापलीन परस्परच रोज रात्री सुरू केलं होतं. औषध सोडलं नाही. तीन रात्री विश्रांती, मग पुन्हा आठवड्यातून दोनदा, आणि जेल लावण्याआधी नाकपुड्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलीन. दोन आठवड्यांनी एक दिवसाआड.

आठव्या आठवड्यात पुळ्या १४ वरून ९ झाल्या होत्या. तिचं म्हणणं तरीही "काहीच फरक नाही." सुरुवातीचा आणि त्या रविवारचा फोटो शेजारी ठेवल्यावर ती गप्प झाली. तिचं लक्ष डागांवर होतं, आणि डाग खरोखरच हललेले नव्हते. तेव्हा १० टक्के अझेलिक आम्ल सकाळी जोडलं आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एक दिवसाआड केलं. अझेलिकने पहिले काही दिवस मुंग्या आल्यासारखं चुणचुणतं, ते आधी सांगून ठेवलं.

दहाव्या आठवड्यात पीलचा विषय पुन्हा निघाला. त्वचा शांत होती, पण अझेलिक नुकतंच सुरू झालेलं. दोन्ही एकदम केलं तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळणार नाही, म्हणून पील सोडून दिलं. वेगळ्या तज्ज्ञाने इथे एक-दोन सौम्य पील केलेही असते. तोही निर्णय चूक म्हणता येणार नाही.

मध्येच आलेलं विघ्न

सोळाव्या आठवड्यात पुळ्या दोनवर होत्या. नोव्हेंबरमध्ये नाशिकची हवा कोरडी झाली आणि एक दिवसाआड सोसणारं जेल झोंबू लागलं, म्हणून रात्री घट्ट मलमासारखं मॉइश्चरायझर आलं. इथवर ठीक होतं. सतराव्या आठवड्यात, केळवणांच्या धामधुमीत, पार्लरमध्ये तिने ओठांवरची लव वॅक्सने काढली. अ‍ॅडापलीन चालू असताना वरचा थर सैल असतो. वॅक्सच्या पट्टीबरोबर त्वचाही निघाली. पैशाएवढी जागा सोलवटली, आठवड्यात खपली पडली आणि खाली तपकिरी डाग राहिला. रेटिनॉइड चालू असेल तर वॅक्सच्या निदान आठवडाभर आधी ते थांबवायला हवं. दोरा हा त्यातल्या त्यात बरा. ही सूचना पहिल्या दिवशीच्या कागदावर नव्हती.

त्या जागेला व्हॅसलीन आणि सनस्क्रीन एवढंच, बाकी सगळं तसंच. हळदीच्या तीन दिवस आधी सगळी औषधं थांबवली. हळद लावण्यापूर्वी चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा हात, हळदीत लिंबू नाही, आणि डाळीच्या पिठाने घासणं फक्त हातापायांना.

निकाल

लग्नाच्या दिवशी एकही लाल पुळी नव्हती. कपाळ स्वच्छ, आणि त्यात तेलाची सवय बदलल्याचा वाटा औषधाइतकाच असावा. गालावरचे डाग फोटोत निम्म्याने फिके दिसत होते. जबड्याच्या कडेचे दोन राखाडी डाग जवळजवळ होते तसेच, आणि ओठांवरचा नवा डाग मेकअपने झाकावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

अझेलिक आम्ल आठव्याऐवजी चौथ्या आठवड्यात आणायला हवं होतं. ते पुळ्या आणि डाग दोन्हींवर चालतं, आणि डागांना सगळ्यात जास्त वेळ लागतो हे कागदावर लिहिलेलंच होतं. बेंझॉइल पेरॉक्साइड नंतर आलं असतं तरी चाललं असतं. दुसरी बाजू अशी की दुसऱ्या आठवड्यातली ती भडकलेली त्वचा दोन नवी औषधं एकदम सोसती, याची खात्री नव्हती.

"आठवड्यातून दोनदा" हे तोंडी सांगितलं होतं. सोमवार आणि गुरुवार कॅलेंडरवर खुणा करून दिले असते आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक फोन ठरवलेला असता, तर रोज लावण्याचा प्रकार लवकर पकडला गेला असता. लग्नाच्या रुग्णाला पार्लरबद्दल विचारणं तर पहिल्याच भेटीत व्हायला हवं: काय-काय ठरलंय आणि कुठल्या तारखेला. वॅक्स, ब्लीच, फेशियल, सगळं.

तिचे उपचार फेब्रुवारीतही चालू आहेत: अझेलिक रोज, अ‍ॅडापलीन आठवड्यातून तीन रात्री, सनस्क्रीनची ट्यूब दर तीन आठवड्यांनी नवी. ओठांवरचा डाग बराचसा गेला आहे. गर्भधारणेचा विचार सुरू करतील त्याआधी अ‍ॅडापलीन बंद करायचं आणि अझेलिक तेवढं चालू ठेवायचं, हे या वेळी नवरा-बायको दोघांना लेखी दिलं आहे.